ॲक्सेस पॉइंटची रेडिओ-जुळणी

ॲक्सेस पॉइंटची रेडिओ-जुळणी म्हणजे बिनतारी संगणक-जाळ्यातील ॲक्सेस पॉइंट या उपकरणाचा रेडिओ कोणत्या पट्ट्यात, कोणत्या चॅनेलवर, किती रुंदीने आणि किती शक्तीने काम करील हे ठरविण्याची क्रिया होय. व्यवहारात तिला 'रेडिओ सेटिंग' किंवा 'वायरलेस सेटिंग' असे म्हटले जाते. देशनिवड, वारंवारतेचा पट्टा, चॅनेल, चॅनेलची रुंदी, प्रेषणशक्ती, अँटेनाची मांडणी, किमान वेग आणि रडार-रक्षण ही तिची प्रमुख अंगे आहेत.

वाय-फायसाठी वापरले जाणारे पट्टे कोणा एकाच्या मालकीचे नसतात. एका इमारतीतील, किंबहुना एका गल्लीतील सर्व उपकरणे त्याच मोजक्या चॅनेलांवर आळीपाळीने बोलत असतात. त्यामुळे एका घरातील चुकीची जुळणी शेजारच्या घरातील जाळेही मंदावते, आणि काही प्रसंगी तिचा उपद्रव हवामानाच्या रडारपर्यंत पोहोचतो. आवश्यक तेवढ्या जागेत, आवश्यक तेवढ्याच शक्तीने आणि हवेतील कमीत कमी वेळ खर्चून संदेश पोहोचविणे हे चांगल्या जुळणीचे उद्दिष्ट मानले जाते.

## संज्ञा

ॲक्सेस पॉइंट हे तारेच्या जाळ्याला बिनतारी उपकरणे जोडून देणारे साधन आहे. घरोघरी दिसणाऱ्या राउटरमध्ये राउटर, स्विच आणि ॲक्सेस पॉइंट अशी तिन्ही साधने एकाच डब्यात असतात. शाळा, कार्यालये, रुग्णालये येथे मात्र ॲक्सेस पॉइंट स्वतंत्र असून तो बहुधा छताला बसविलेला असतो. त्याला वीज आणि माहिती एकाच तारेतून पुरविता येते.

एका ॲक्सेस पॉइंटमध्ये एक किंवा अधिक रेडिओ असतात. प्रत्येक रेडिओ म्हणजे प्रेषक आणि ग्राहक यांची जोडी होय. २.४ गिगाहर्ट्झसाठी एक आणि ५ गिगाहर्ट्झसाठी एक अशी दोन रेडिओंची रचना सर्वसाधारणपणे आढळते. दोन्ही रेडिओंची जुळणी स्वतंत्रपणे करावी लागते. जाळ्याचे नाव व परवलीचा शब्द हा सुरक्षेच्या जुळणीचा भाग असून तो या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

## पार्श्वभूमी

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये काही पट्टे विशिष्ट अटींवर विनापरवाना वापरासाठी खुले केले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांपैकीच एक होता. हा पट्टा तोवर मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या उपकरणांसाठी राखलेला असल्याने दळणवळणाच्या दृष्टीने गोंगाटाचा समजला जाई. व्हिक हेस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेले ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कमाल वेग २ मेगाबिट प्रतिसेकंद इतकाच होता. १९९९ मध्ये ११ मेगाबिटचे 'बी' आणि ५ गिगाहर्ट्झवर चालणारे ५४ मेगाबिटचे 'ए' ही रूपे आली. त्यानंतर 'जी' (२००३), 'एन' (२००९), 'एसी' (२०१३) आणि 'एएक्स' (२०२१) ही रूपे आली. सामान्य ग्राहकाला ही अक्षरे ध्यानात ठेवणे अवघड जात असल्याने वाय-फाय अलायन्स या संस्थेने २०१८ मध्ये 'वाय-फाय ४', 'वाय-फाय ५', 'वाय-फाय ६' अशी सोपी नावे रूढ केली.

प्रत्येक नव्या रूपाने जुन्या उपकरणांशी जुळवून घेण्याची सोय ठेवली. या सोयीमुळे पंचवीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही आजच्या ॲक्सेस पॉइंटशी जोडता येऊ शकतो. पण तिचे मोलही द्यावे लागते. ते 'बीकन आणि किमान वेग' या विभागात स्पष्ट केले आहे.

## देशनिवड आणि कायदेशीर चौकट

जुळणीची पहिली पायरी म्हणजे देशाची निवड. कोणती चॅनेल वापरता येतील, त्यांवर कमाल शक्ती किती असावी आणि कोठे रडार-रक्षण आवश्यक आहे, हे सर्व उपकरण या निवडीवरून ठरविते. भारतात वापरावयाच्या उपकरणात 'भारत' हीच निवड असली पाहिजे. अधिक चॅनेल किंवा अधिक शक्ती मिळावी म्हणून दुसऱ्या देशाचे नाव निवडणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय ते व्यवहारातही उलटते. ॲक्सेस पॉइंटने निवडलेले चॅनेल मोबाइलला मान्य नसेल, तर त्या मोबाइलला ते जाळे दिसतच नाही.

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्यात प्रेषकाची कमाल शक्ती १ वॉट आणि अँटेनासह परिणामी प्रारित शक्ती ४ वॉट अशी मर्यादा घालण्यात आली. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील सवलत आरंभी मर्यादित होती. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५०–५३५०, ५४७०–५७२५ आणि ५७२५–५८७५ मेगाहर्ट्झ असे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या खालच्या भागाविषयीच्या (५९२५–६४२५ मेगाहर्ट्झ) नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.

'परवानामुक्त' याचा अर्थ 'नियममुक्त' असा होत नाही. अशा वापराला व्यत्ययापासून संरक्षण मिळत नाही, आणि परवानाधारक सेवेला व्यत्यय आणण्याचा अधिकारही नसतो.

## वारंवारतेचे पट्टे

| पट्टा (मेगाहर्ट्झ) | २० मेगाहर्ट्झ रुंदीची चॅनेल | विशेष |
|---|---|---|
| २४००–२४८३.५ | १ ते १३ | एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, दूरवर पोहोच, गर्दी अधिक |
| ५१५०–५२५० | ३६ ते ४८ | चार चॅनेल |
| ५२५०–५३५० | ५२ ते ६४ | अनेक देशांत रडार-रक्षण आवश्यक |
| ५४७०–५७२५ | १०० ते १४० | अनेक देशांत रडार-रक्षण आवश्यक |
| ५७२५–५८७५ | १४९ ते १६५ | बहुतेक उपकरणांत उपलब्ध असलेली पाच चॅनेल |

वारंवारता जितकी अधिक, तितकी त्याच अंतरावर ग्रहण होणारी शक्ती कमी असते. मोकळ्या जागेत आणि सारख्याच अँटेनांनी २.४ गिगाहर्ट्झच्या तुलनेत ५.५ गिगाहर्ट्झचा संदेश सुमारे ७ डेसिबलने क्षीण पोहोचतो. भिंतींतून जाताना हा फरक आणखी वाढतो. म्हणून २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो, पण त्याच कारणाने शेजारच्या दहा घरांची जाळीही त्यात ऐकू येतात. ब्लूटूथ, बिनतारी माउस आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचाही वावर याच पट्ट्यात असतो. ५ गिगाहर्ट्झचा पल्ला कमी असला तरी दाट वस्तीत तो गुणच ठरतो, कारण भिंत तेथे नैसर्गिक कुंपणाचे काम करते. जेथे उपकरणे दोन्ही पट्टे जाणतात तेथे ५ गिगाहर्ट्झला प्राधान्य द्यावे, आणि २.४ गिगाहर्ट्झ जुन्या उपकरणांसाठी, प्रिंटरसाठी व दूरच्या कोपऱ्यांसाठी ठेवावा, अशी सर्वसाधारण पद्धत आहे.

## चॅनेलची निवड

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ क्रमांकाची चॅनेल दिसतात, त्यामुळे तेरा स्वतंत्र मार्ग उपलब्ध आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात लगतच्या दोन चॅनेलांच्या मध्यांत केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते आणि प्रत्येक संदेश सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. चॅनेल १ चा मध्य २४१२, ६ चा २४३७ आणि ११ चा २४६२ मेगाहर्ट्झवर आहे. ही तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांचीच निवड करण्याचा प्रघात आहे.

येथे दोन प्रकारच्या व्यत्ययांतील भेद समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

समान चॅनेलचा व्यत्यय: दोन ॲक्सेस पॉइंट एकाच चॅनेलवर असतील, तर ते एकमेकांचे बोलणे ऐकतात व ओळखतात. वाय-फायमध्ये 'आधी ऐका, मग बोला' हा नियम असल्याने एक बोलत असता दुसरा थांबतो. वेग विभागला जातो, पण शिस्त टिकून राहते.

शेजारच्या चॅनेलचा व्यत्यय: एक उपकरण ६ वर आणि दुसरे ८ वर असेल, तर एकाचे बोलणे दुसऱ्याला भाषा म्हणून उमगत नाही, केवळ गोंगाट म्हणून जाणवते. मानकानुसार आपल्या चॅनेलवरील वाय-फाय संदेश −८२ डीबीएम इतका क्षीण असला तरी उपकरणाने तो ओळखून थांबणे अपेक्षित असते. अनोळखी ऊर्जेसाठी मात्र ही मर्यादा −६२ डीबीएम आहे. परिणामी दोघेही एकाच वेळी बोलतात, संदेश विस्कटतात आणि ते पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात.

यामुळेच '१ आणि ६ वर गर्दी आहे, म्हणून मधले ३ निवडू' हा वरवर शहाणपणाचा वाटणारा निर्णय दोन्ही बाजूंना त्रासदायक होतो. गर्दीच्या चॅनेलवर रांगेत उभे राहणे हे दोन रांगांच्या मध्ये घुसण्यापेक्षा बरे.

चॅनेल निवडताना दिसणाऱ्या जाळ्यांची संख्या मोजणे पुरेसे नसते. चॅनेलचा किती टक्के वेळ व्यापलेला आहे, हा आकडा अधिक उपयोगी असतो. पाच निष्क्रिय जाळ्यांच्या चॅनेलपेक्षा अखंड चित्रफीत वाहणाऱ्या एकाच जाळ्याचे चॅनेल अधिक भरलेले असू शकते. 'ऑटो' ही निवड एकट्या घरासाठी चालते. अनेक ॲक्सेस पॉइंट असलेल्या ठिकाणी ते एकमेकांशी समन्वय साधणारे नसतील, तर चॅनेल हाताने ठरविणे श्रेयस्कर असते.

## चॅनेलची रुंदी

चॅनेलची रुंदी २०, ४०, ८० किंवा १६० मेगाहर्ट्झ ठेवता येते. वाय-फाय ७ मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती ३२० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. रुंदी दुप्पट केल्यास कमाल वेग सुमारे दुप्पट होतो. मात्र त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. पहिली म्हणजे स्वतंत्र चॅनेलांची संख्या निम्मी होते. दुसरी म्हणजे ग्राहकात शिरणारा औष्णिक गोंगाट प्रत्येक दुपटीला ३ डेसिबलने वाढतो. २० मेगाहर्ट्झसाठी या गोंगाटाची सैद्धांतिक पातळी सुमारे −१०१ डीबीएम, तर ८० मेगाहर्ट्झसाठी −९५ डीबीएम असते. रुंद चॅनेलमुळे जवळच्या उपकरणाला लाभ होतो आणि दूरचे उपकरण अडखळते, ते यामुळेच.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये २० हीच रुंदी ठेवावी. तेथे ४० निवडल्यास एकच ॲक्सेस पॉइंट पट्ट्याचा सुमारे अर्धा भाग व्यापतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये एकट्या घरासाठी ८० योग्य ठरते. अनेक ॲक्सेस पॉइंट असतील तेथे २० किंवा ४० ठेवून चॅनेलांची संख्या राखली जाते.

## प्रेषणशक्ती

### मोजमाप

प्रेषणशक्ती मिलिवॉटमध्ये किंवा डीबीएममध्ये सांगतात. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. दर ३ डेसिबलच्या वाढीला शक्ती सुमारे दुप्पट आणि दर १० डेसिबलला दहापट होते. त्यानुसार २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॉट, २३ डीबीएम म्हणजे सुमारे २०० मिलिवॉट आणि ३० डीबीएम म्हणजे १ वॉट. ग्रहण केलेली शक्ती अत्यल्प असल्याने ती ऋण आकड्यांत येते, आणि −६५ डीबीएम हा संदेश −७५ डीबीएमपेक्षा दसपट बलवान असतो.

कायद्याची मर्यादा बहुधा परिणामी प्रारित शक्तीवर असते. ती काढण्यासाठी प्रेषकाच्या शक्तीत अँटेनाचा लाभ मिळवितात आणि तारेतील घट वजा करतात. उदाहरणार्थ, २० डीबीएमचा प्रेषक, ५ डेसिबल लाभाची अँटेना आणि तारेत १ डेसिबल घट असेल, तर परिणामी शक्ती २४ डीबीएम होते. जास्त लाभाची अँटेना जोडल्यावर जुळणीतील शक्ती त्या प्रमाणात कमी करावी लागते. अनेक उपकरणांत अँटेनाचा लाभ स्वतः नोंदवावा लागतो. तो नोंदविला नाही तर पडद्यावरील आकडा नियमात असूनही प्रत्यक्ष प्रेषण नियमाबाहेर जाऊ शकते.

### पूर्ण शक्तीचा गैरसमज

पल्ला कमी पडतो असे वाटताच शक्ती कमाल करणे हा सर्वांत सामान्य उपाय आहे, आणि तो बहुधा निरुपयोगी ठरतो. वाय-फायचा संवाद दुतर्फा असतो. ॲक्सेस पॉइंटने पाठविलेल्या प्रत्येक संदेशाची पोच मोबाइलने परत पाठवावी लागते. मोबाइलची अँटेना लहान आणि बॅटरी मर्यादित असल्याने त्याची प्रेषणशक्ती बहुतेक वेळा ॲक्सेस पॉइंटच्या कमाल शक्तीपेक्षा पुष्कळ कमी असते. ॲक्सेस पॉइंटचा आवाज वाढविल्याने मोबाइलच्या पडद्यावर संकेताच्या सर्व रेघा दिसतात, पण मोबाइलचे उत्तर पूर्वीइतकेच क्षीण राहते. पोच न मिळाल्यामुळे ॲक्सेस पॉइंट तोच संदेश पुनःपुन्हा पाठवितो. 'नेटवर्क पूर्ण दिसते, पण काहीच उघडत नाही' या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

दुसरा परिणाम स्थलांतराचा आहे. एका ॲक्सेस पॉइंटकडून दुसऱ्याकडे केव्हा जावे, हा निर्णय मुख्यतः मोबाइल घेतो. पहिल्याचा आवाज इमारतीच्या टोकापर्यंत मोठाच ऐकू येत असेल, तर मोबाइल त्यालाच चिकटून राहतो, मग दुसरा ॲक्सेस पॉइंट डोक्यावर का असेना. असे दूरचे उपकरण मंद वेगाने बोलते आणि चॅनेलचा फार वेळ खाते. त्याचा फटका त्या चॅनेलवरील सर्वांना बसतो.

तिसरा परिणाम शेजाऱ्यांवर होतो. शक्ती वाढविल्याने जितक्या दूरवर आवाज पोहोचतो, तितक्या परिसरातील समान चॅनेलवरील उपकरणांना थांबावे लागते.

म्हणून ॲक्सेस पॉइंटची शक्ती मोबाइलच्या शक्तीच्या आसपास ठेवण्याची शिफारस केली जाते. आवाज किंवा चित्रसंवादासाठी सेवाक्षेत्राच्या कडेला −६७ डीबीएमच्या आसपास संकेत असावा, हा व्यवहारातील प्रचलित निकष आहे. दोन्ही पट्ट्यांची क्षेत्रे साधारण सारखी राहावीत म्हणून २.४ गिगाहर्ट्झची शक्ती ५ गिगाहर्ट्झपेक्षा सुमारे ६ डेसिबलने कमी ठेवतात. पल्ला खरोखर अपुरा असेल तर ॲक्सेस पॉइंटची जागा बदलणे, चांगली अँटेना लावणे किंवा आणखी एक ॲक्सेस पॉइंट बसविणे हे उपाय योग्य ठरतात. अँटेना बोलताना जितकी मदत करते तितकीच ऐकतानाही करते. केवळ शक्ती वाढविल्याने ऐकणे सुधारत नाही.

## अँटेना आणि जागा

साध्या उभ्या दांडीच्या अँटेनाचे प्रारण मेदूवड्याच्या आकाराचे असते. दांडी वड्याच्या भोकातून उभी आहे अशी कल्पना केली, तर संकेत सभोवार आडवा पसरतो आणि दांडीच्या टोकाच्या दिशेने, म्हणजे थेट वर व खाली, फार कमी जातो. त्यामुळे एका मजल्यासाठी अँटेना उभी ठेवतात. छतावर बसविण्याच्या उपकरणांत अँटेना आत असून त्यांचे प्रारण खाली व बाजूंना पसरेल असे योजलेले असते. तेच उपकरण भिंतीवर उभे ठोकल्यास त्याचा मोठा हिस्सा पलीकडच्या खोलीत किंवा रस्त्यावर जातो.

लोखंडी कपाट, आरसा आणि पत्रा संकेत परावर्तित करतात. पाण्याची टाकी तो शोषून घेते. विटांच्या भिंतीपेक्षा सळ्यांचे काँक्रीट अधिक अडथळा करते, आणि जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती ५ गिगाहर्ट्झचा संकेत फारच कमी करतात. माणसाच्या शरीरातही पाणी असल्याने रिकाम्या सभागृहात घेतलेली मापे भरलेल्या सभागृहात टिकत नाहीत.

२००९ च्या 'एन' रूपापासून अनेक अँटेनांनी एकाच वेळी वेगवेगळे संदेशप्रवाह पाठविण्याचे तंत्र वाय-फायमध्ये आले. यास मायमो म्हणतात. परावर्तनांना दोष न मानता त्यांचाच उपयोग करून घेणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. या तंत्राचे मूलभूत पेटंट आरोग्यस्वामी पॉलराज व थॉमस कैलथ यांना १९९४ मध्ये मिळाले. या दोघांच्याही शिक्षणाचा महाराष्ट्राशी संबंध आहे. पॉलराज यांनी खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि लोणावळ्याचे नौदल अभियांत्रिकी महाविद्यालय येथे शिक्षण घेतले. कैलथ यांचा जन्म १९३५ मध्ये पुण्यात झाला आणि १९५६ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पॉलराज यांना २०१४ चे मार्कोनी पारितोषिक लाभले.

## बीकन आणि किमान वेग

ॲक्सेस पॉइंट आपल्या अस्तित्वाची दवंडी ठरावीक काळाने पिटत असतो. तिला बीकन म्हणतात. दोन बीकनांमधील प्रचलित अंतर १०२.४ मिलिसेकंद असते. बीकन सर्वांना ऐकू जावा म्हणून तो सर्वांत कमी अनुमत वेगाने पाठविला जातो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये जुन्या उपकरणांसाठी हा वेग १ मेगाबिट इतका कमी असू शकतो.

याचा हिशेब उद्बोधक आहे. ३०० बाइटचा बीकन १ मेगाबिट वेगाने पाठविण्यास आरंभीच्या खुणेसह सुमारे २.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एकूण वेळेच्या सुमारे अडीच टक्के. प्रत्येक जाळ्याच्या नावासाठी स्वतंत्र बीकन लागतो. 'कार्यालय', 'शिक्षक', 'विद्यार्थी' आणि 'पाहुणे' अशी चार नावे ठेवल्यास हा खर्च दहा टक्क्यांवर जातो. असे तीन ॲक्सेस पॉइंट एकाच चॅनेलवर एकमेकांना ऐकू येत असतील, तर एकाही विद्यार्थ्याने काहीही न उघडता चॅनेलचा सुमारे तीस टक्के वेळ दवंडीतच संपतो. किमान वेग ६ मेगाबिट केल्यास हाच खर्च पाच टक्क्यांच्या आत येतो.

म्हणून १, २, ५.५ आणि ११ मेगाबिट हे जुने वेग बंद करावेत आणि जाळ्यांची नावे शक्य तितकी कमी ठेवावीत. किमान वेग वाढविल्याने दूरची उपकरणेही लवकर सुटतात आणि जवळच्या ॲक्सेस पॉइंटकडे वळतात. मात्र केवळ 'बी' रूप जाणणारी जुनी उपकरणे अशा जाळ्याला जोडता येत नाहीत. बदल करण्यापूर्वी अशी उपकरणे वापरात आहेत का, हे पाहून घ्यावे लागते.

## रडार-रक्षण

५ गिगाहर्ट्झच्या मधल्या भागात हवामानाची व अन्य रडारे काम करतात. तेथे वाय-फायला दुय्यम स्थान असते. अमेरिका व युरोपातील नियमांनुसार अशा चॅनेलवर बोलण्यापूर्वी ॲक्सेस पॉइंटने किमान ६० सेकंद केवळ ऐकावे लागते. युरोपात ५६००–५६५० मेगाहर्ट्झच्या हवामान-रडार पट्ट्यासाठी हा अवधी १० मिनिटांचा आहे. रडारचा स्पंद आढळल्यास १० सेकंदांत चॅनेल सोडावे लागते आणि पुढील ३० मिनिटे तेथे परतता येत नाही. यामुळे या चॅनेलवरील जाळे सुरू होण्यास वेळ लागतो, आणि कधीकधी ते अचानक चॅनेल बदलते. हा उपकरणातील बिघाड समजू नये.

हे रक्षण औपचारिक नाही, याची प्रचिती २००९ मध्ये प्वेर्तो रिकोतील सान हुआन येथे आली. विमानतळाजवळ वाऱ्याच्या धोकादायक बदलांची सूचना देणाऱ्या डॉप्लर रडारच्या चित्रात खोट्या रेषा उमटू लागल्या. उंच जागी बसविलेल्या ५ गिगाहर्ट्झच्या बाह्य बिनतारी उपकरणांमुळे हा व्यत्यय येत असल्याचे तपासात आढळले. अमेरिकेत इतर विमानतळांजवळही असे प्रकार उघडकीस आले आणि पुढील काळात काही सेवादात्यांना दंड झाला. भारतातही हवामानशास्त्र विभाग सी-पट्ट्यातील डॉप्लर रडारे वापरतो. मुंबईतील वेरावली येथील रडार त्यांपैकी एक आहे. पावसाळ्यात मुसळधार पावसाची पूर्वसूचना अशा रडारांवर अवलंबून असते. चुकीचा देश निवडून किंवा फर्मवेअरमध्ये फेरफार करून रडार-रक्षण बंद करणे किती घातक आहे, हे यावरून ध्यानात येते.

## उदाहरण: दुमजली शाळा

समजा, एका दुमजली शाळेत प्रत्येक मजल्यावर चार वर्ग आहेत आणि प्रत्येक मजल्यावर पूर्व व पश्चिम असे दोन ॲक्सेस पॉइंट बसविले आहेत. मूळ जुळणीत चारही उपकरणे चॅनेल ६ वर, पूर्ण शक्तीने आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदीने चालू आहेत. एका वर्गात चाळीस टॅबवर चाचणी सुरू होताच सर्व वर्गांतील जाळे ठप्प होते. चारही ॲक्सेस पॉइंट एकाच रांगेत उभे असल्याने चार उपकरणे असूनही क्षमता जेमतेम एकाचीच मिळते.

सुधारित जुळणी पुढीलप्रमाणे करता येईल.

| ॲक्सेस पॉइंट | २.४ गिगाहर्ट्झ (रुंदी २०) | ५ गिगाहर्ट्झ (रुंदी ४०) |
|---|---|---|
| तळमजला, पश्चिम | चॅनेल १ | चॅनेल ३६ |
| तळमजला, पूर्व | चॅनेल ६ | चॅनेल १४९ |
| पहिला मजला, पश्चिम | चॅनेल ११ | चॅनेल १५७ |
| पहिला मजला, पूर्व | चॅनेल १ | चॅनेल ४४ |

२.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल १ दोनदा आले असले तरी ते तिरप्या विरुद्ध कोपऱ्यांत आहे. ५ गिगाहर्ट्झमध्ये चारही चॅनेल स्वतंत्र असून रडार-रक्षणाच्या चॅनेलांची गरज उरलेली नाही. ५ गिगाहर्ट्झची शक्ती १७ डीबीएम आणि २.४ गिगाहर्ट्झची ११ डीबीएम, किमान वेग दोन्हीकडे ६ मेगाबिट किंवा अधिक, आणि जाळ्याची नावे दोनच ठेवली, तर त्याच उपकरणांत आणि कोणतीही नवी खरेदी न करता जाळे पुष्कळ अधिक भार पेलू शकते. हे आकडे आरंभबिंदू म्हणून घ्यावयाचे असून भिंती व वापर पाहून त्यांत बदल करावा लागतो.

## जुळणीचा क्रम

१. देश 'भारत' निवडावा आणि फर्मवेअर अद्ययावत करावे.
२. सध्याच्या स्थितीची नोंद ठेवावी, म्हणजे बिघाड झाल्यास पूर्वस्थितीवर येता येते.
३. परिसरातील जाळी, त्यांची चॅनेल व चॅनेलची व्याप्ती पाहावी.
४. प्रथम ॲक्सेस पॉइंटची जागा, नंतर चॅनेल, मग रुंदी आणि शेवटी शक्ती ठरवावी.
५. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम तपासावा.
६. तपासणी लॅपटॉपऐवजी सर्वांत कमकुवत मोबाइल किंवा टॅबवर, आणि प्रत्यक्ष वापराच्या वेळी करावी.
७. अंतिम आकडे कागदावर लिहून उपकरणाजवळ किंवा कार्यालयात ठेवावेत.

शेवटची पायरी क्षुल्लक वाटली तरी उपयोगाची आहे. जुळणी करणारी व्यक्ती बदलली की नोंदीअभावी सारे काम पुन्हा करावे लागते. शिवाय परिसरात नवी जाळी येत राहतात. म्हणून वर्षातून एकदा, शाळांच्या बाबतीत सत्रारंभी, जुळणीची फेरतपासणी करणे इष्ट ठरते.

## हे सुद्धा पहा

* वाय-फाय
* राउटर
* अँटेना
* डेसिबल
* डॉप्लर रडार
* थॉमस कैलथ